काजळी आणि पिवळी यंत्रं

काल सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या परकरावर काळे ठिपके दिसले आणि कळलं, कारखाना सुरू झाला. आमच्या वडगावात हंगाम असाच येतो. आधी रस्त्यावर सांडलेलं उसाचं हिरवं वाडं दिसतं. मग दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात, त्यांच्यावर लावलेली गाणी लांबून जवळ येतात आणि परत लांब जातात. मळीचा गोडसर, आंबूस वास घरातल्या उशांना लागतो. आणि चिमणीतून उडालेली काजळी अंगणात उतरते. हलकी असते, बोटानं उचलायला जावं तर पुसट होऊन पसरते. शेजारच्या बाया वैतागतात, पुन्हा कपडे खळबळतात. मीही पूर्वी वैतागायचे. आता काजळी पडलेली दिसली की कपडे तसेच सोडून ओट्यावर बसते. पाच हंगामांपूर्वीचा तो एक हंगाम माझ्या अंगावरून अजून गेलेला नाही.

आमच्या ह्यांचं नाव शंकर, पण गावात सगळे त्यांना ऑपरेटर म्हणतात. सत्तावीस वर्षं त्यांनी पोकलेन चालवलं. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारं, लांब हाताच्या टोकाला लावलेल्या बकेटनं माती उकरणारं ते पिवळं धूड. नीरेच्या कालव्याची कामं, कन्हेरीपासून इंदापूरपर्यंतची शेततळी, नदीकाठचा गाळ, सगळीकडं ते मशीन घेऊन गेले. मी घरी बसून गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. आमची एकुलती मुलगी लग्न होऊन साताऱ्याकडं गेली आणि घरात दोन आवाज उरले, माझ्या शिवणयंत्राचा आणि ह्यांच्या लोखंड घासायच्या कानशीचा.

कानस आली ती एका खेळण्यामुळं. खेळणं म्हटलेलं ह्यांना आवडत नाही. मशीनच्या मालकाच्या टेबलावर शोभेला ठेवलेलं, ओंजळीत मावेल असं पोकलेन होतं. खऱ्याचं हुबेहूब लहान रूप, सगळं धातूचं. त्याचा हात मोडला म्हणून मालक टाकून देणार होता. ह्यांनी ते खिशातून घरी आणलं आणि माझ्या डब्यातली जाड सुई कापून तिची खीळ करून तो हात बसवला. मग बोटानं हात वर-खाली करत बराच वेळ बसून राहिले.

"पन्नासात एक हाय हे," त्यांनी मला समजावलं. "खऱ्या मशीनचं पन्नास इंच म्हंजे ह्याचा एक इंच. तू पाच फुटाची. ह्या मापात सव्वा इंचाची भरशील."

"मग सव्वा इंचाच्या बाईनं भाकऱ्या किती थापायच्या?" मी म्हटलं. तेव्हा आम्ही असं बोलायचो.

पुढं मोबाईलवर त्यांना असाच नाद असलेली माणसं भेटली. कोणी नाशिकचा, कोणी कोल्हापूरचा. एकमेकांची मोडकी यंत्रं एकमेकांना पाठवायची, एकाचा पट्टा दुसऱ्याला लावायचा. कुरिअरवाल्याला आमचं घर पाठ झालं. डोझर आला, रोलर आला, डंपर आले. भांड्यांच्या काचेच्या कपाटातले माझे स्टीलचे डबे एकेक करून खाली आले आणि त्यांच्या जागी ती पिवळी यंत्रं जाऊन बसली. मी कुरकुरायची, पण त्यांच्या हातातली करामत बघत बसायलाही मला आवडायचं. केबिनच्या कठड्याला माझ्या टाचण्या, तेलाच्या नळ्यांना चार्जरच्या वायरीतल्या तारा, केबिनच्या काचेला गोळ्यांच्या पाकिटाचं प्लास्टिक.

नवं कोरं, चकचकीत मशीन त्यांना बघवायचं नाही. "खरं मशीन असं असतंय व्हय? हळदीच्या नवरदेवावानी?" म्हणायचे, आणि त्याच्यावर ब्रशनं गंज रंगवायचे, मूळ रंग खरवडायचे. शेवटी माती लावायचे. जिथं काम केलं तिथली माती मसाल्याच्या डब्यांत भरून आणलेली असायची. माझ्या पिठाच्या चाळणीतून ती तीनदा चाळायची आणि ब्रशनं पट्ट्यांवर बसवायची. कन्हेरीचा तांबूस मुरूम एका मशीनला, कालव्याची काळी माती दुसऱ्याला. पाहुणा आला की कपाटासमोर उभं राहून सांगायचे, हे अमुक तळं, हा तमुक बंधारा. त्यांचं सगळं आयुष्य त्या कपाटात पन्नासात एक होऊन उभं होतं.

त्या वर्षीच्या हंगामातली ती दुपार. सुट्टीचा दिवस होता. हे ओट्यावर बसून एका डंपरला रंग देत होते, मी आत काजं करत होते.

"शोभा, वर कापड बांध गं," त्यांनी हाक मारली. "रंगावर काजळी पडतीया."

मी बाहेर आले. डंपर स्वच्छ होता. ओला पिवळा रंग उन्हात चमकत होता.

"कुठं हाय काजळी?"

"ही काय, हितं. आता हालली बघ. लई चिवट हाय." ते ब्रशच्या टोकानं काहीतरी उचलायला बघत होते. ब्रश पत्र्यावर इकडून तिकडं पळत होता आणि त्याच्या पुढं काहीच नव्हतं.

मी हसले. "म्हातारं झाला तुमी," म्हणाले आणि आत गेले. ते हसणं मला आजही कानात ऐकू येतं.

काळे ठिपके डोळ्यांच्या आत होते. ते त्यांना लवकरच कळलं असणार, कारण नंतर त्यांनी काजळीचं नाव काढलं नाही. पंधरा-वीस दिवस ते गप्प राहिले. ऑपरेटरच्या डोळ्यांत काही आहे असं कळलं तर त्याला मशीनवर कोण बसू देईल? ते रोज सकाळी डबा घेऊन जात होते आणि संध्याकाळी येऊन कपाटाकडं पाठ करून बसत होते. मला वाटलं, दमलेत.

मग एक दिवस सकाळी अकरालाच परत आले. डबा भरलेलाच होता. ओट्याच्या पायरीवर बसले आणि चप्पल काढायचं विसरले.

"काय झालं?"

"बकेट फिरवत हुतो. एक बाई डोक्यावर वाडं घिऊन चालली हुती. मला ती दिसलीच न्हाय. वरडली तवा थांबलो."

"लागलं का तिला?"

"न्हाय." त्यांनी दोन्ही हात उचलून त्यांच्यातलं अंतर दाखवलं. एका परातीएवढं. "एवढं ऱ्हायलं हुतं. तिच्या डोक्यात आन् बकेटात." हात तसेच हवेत राहिले. "मशीन बंद केलं, चावी मालकाच्या हातात दिली. आता मी न्हाय बसायचा."

बारामतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीहून थोड्याच मोठ्या होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं, मग कागदावर डोळ्याचं चित्र काढून मला दाखवलं. साखरेमुळं डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्या फुटल्या आहेत. दिसतात ते ठिपके म्हणजे रक्त. ह्यांना अकरा वर्षं साखर होती. कामाच्या धबडग्यात गोळ्या कधी घ्यायचे, कधी विसरायचे, आणि मीही कधी हट्टानं समोर उभी राहिले नव्हते.

"डावा डोळा वाचणं अवघड आहे," बाई म्हणाल्या. "उजव्यासाठी आपण सगळे प्रयत्न करू."

येताना एस.टी.त ह्यांना खिडकीशी बसवलं. बाहेर तोडणीचे फड, मोळ्या, बैलगाड्या. अर्धा रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "म्हंजे काजळी न्हवतीच ती."

त्या दिवसांत मी काय काय केलं ते आठवलं की माझी मलाच कीव येते. घरातला गूळ उचलून शेजारी दिला. कारल्याचा रस काढून सकाळी समोर धरायची. जो जे सांगेल ते, कोणाचा पाला, कोणाचा अंगारा. डोळ्यात इंजेक्शन देतात हे ऐकूनच मी आधी नको म्हणाले होते. ते तर तिथं जाऊन न हलता झोपायचे आणि मी दाराबाहेर भिंतीला डोकं टेकून उभी असायची. दर वेळी वाटायचं, आता फरक पडेल. दर वेळी घरी आल्यावर ते कपाटासमोर जाऊन उभे राहायचे, डावा डोळा झाकायचे, उजवा झाकायचे, आणि मी स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठीकडं बघायची. पाठीवरूनच कळायचं.

संक्रांतीच्या आसपास डावा डोळा गेला. उजव्यानं दिसायचं ते दूध सांडलेल्या काचेतून बघावं तसं.

एका सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "शोभा, एक मशीन ऱ्हायलंय."

"कसलं?"

"माजं. ज्याच्यावर शिकलो ते."

ते मशीन मला माहीत होतं. आमचं लग्न व्हायच्या आधी माझ्या माहेरी, नरसिंहपूरला, नदीकाठी गाळ काढायचं काम चाललेलं. तिथं ते जुनं पोकलेन होतं आणि त्याच्यावर हे शिकाऊ. तसं लहान मशीन बाजारात मिळणं शक्यच नव्हतं. त्याचा मोठा हात, त्याला हे बूम म्हणतात, एकदा मधोमध मोडला होता आणि जाड लोखंडी पट्टी मारून जोडला होता. केबिनही मूळची नव्हती, इंदापूरच्या एका वेल्डरनं पत्र्याची बनवून दिलेली. दुसरं एखादं लहान पोकलेन घेऊन, कापून, जोडून, त्याचं हे मशीन करायचं होतं. आणि त्यासाठी खऱ्याची मापं हवी होती. खरं मशीन इंदापूरला भंगारात जाऊन पडलंय असं त्यांच्या कानावर होतं.

"बरं वाटल्यावर जाऊ," मी म्हणाले.

"बरं वाटल्यावर?" ते माझ्याकडं बघत होते, पण नजर माझ्या खांद्यावर पडत होती. "शोभा, आता दिसतंय एवढंच दिसायचं. उद्या हे बी न्हाय."

तरी मी एका औषधापायी दोन दिवस काढले, तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. भंगारवाल्याचं नाव हुसेनभाई. दाढी पांढरी, कपाळावर चष्मा. फाटकातून आत शिरलो तेव्हाच गॅस कटरचा फरफर आवाज आला आणि हे जागच्या जागी थांबले.

"कुठलं मशीन कापताय?" त्यांनी विचारलं.

तेच होतं. बकेट गेली होती. बूम कापून तुकडे एका ढिगावर पडले होते. खालचा सांगाडा आणि केबिन तेवढी उभी. दोन दिवस आधी आलो असतो तर अख्खं भेटलं असतं, आणि ते दोन दिवस मीच तर घालवले होते, कुठल्याशा औषधाच्या नादानं.

हे सरळ ढिगाकडं गेले. वाकून तुकड्यांवरून हात फिरवायला लागले.

"अवो, हात भाजंल!" हुसेनभाई ओरडले. "आत्ताच कापलंय ते!"

भाजलाच. मी बोटं बघितली, लाल झाली होती. त्यांनी हात ओढून घेतला नाही. एकेक तुकडा चाचपत गेले आणि एका जागी थांबले. तिथं लोखंडावर जाड, उंचसखल शिवण होती, वेल्डिंगची.

"हीच," ते म्हणाले. "ह्यो जोड माझ्या म्होरं मारलेला. तवा माझे डोळे दोन दिस दुखत हुते, त्या उजेडानं."

हुसेनभाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनी कटर चालवणाऱ्याला गॅस बंद करायला सांगितला. मग दोघांनी मिळून ते जड तुकडे ओढून जमिनीवर ओळीनं मांडले, जसा तो हात पूर्वी होता तसा. कोणी सांगितलं नव्हतं.

हे मांडी घालून जमिनीवर बसले. माझ्या शिवणाच्या टेपनं मी मापं घेतली, ते हातानं जागा दाखवत होते. माझ्या वहीत एका पानावर पाटलांच्या सुनेच्या पोलक्याची मापं होती, छाती, बाही, पाठ. त्याच्या पुढच्या पानावर मी लिहिलं, बूम, जोड, केबिन, दार. दुपारची चारची वेळ होईपर्यंत आम्ही तिथं होतो. त्यांना रंगही हवा होता, मूळचा पिवळा. पण मशीनवर तीन मालकांचे तीन रंग चढले होते आणि वर गंज. नखानं, चाकूनं किती खरवडलं, तो पिवळा सापडला नाही.

"सापडला तर ठिवतो काढून," हुसेनभाई म्हणाले.

घरी कामाला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी कळलं, हे काम त्यांच्यानं होणार नाही. कानस मापाबाहेर जात होती, गोंद बोटाला चिकटत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानस माझ्यापुढं सरकवली.

मी आयुष्यभर कापड शिवलेलं. कापड चुकलं तर उसवता येतं, धातू उसवत नाही. ते शेजारी बसून सांगायचे आणि मी करायची. "जरा कमी घास. आवाजावरनं कळतंय मला, तिरकी चाललीय." खरंच तिरकी चाललेली असायची. सकाळी घरकाम आवरून बसायचं ते ऊन उतरेपर्यंत. त्या उन्हावर आमचा सगळा जीव होता, कारण उजेड असेपर्यंत त्यांना माझ्या हाताची सावली तरी दिसायची. रोज ती सावली थोडी पुसट व्हायची. मी घाई करायची, घाईत चुकायची, चुकलं की दिवस वाया.

एकदा बूमची खीळ मी जास्त घासली आणि जोडलेला हात निसटून त्याचे दोन तुकडे झाले. आठवड्याचं काम गेलं. त्यांनी ते तुकडे उचलले आणि अंगणात भिरकावले.

"हात तुजं, डोळं तुजं!" ते ओरडले. "मग माजं काय ऱ्हायलं ह्यात?"

"व्हय, माजं हात, माजं डोळं," मीही ओरडले. "आन् रडायचं ते बी मीच! तुमी निदान वरडताय तरी. मी कुणापुढं वरडू?"

शेजारची बाई दाराशी येऊन थांबली आणि तशीच परत गेली. मग मी अंगणात गुडघ्यांवर बसून तुकडे शोधले. एक तुळशीच्या कट्ट्याखाली सापडला, दुसरा सापडेना. थोड्या वेळानं हे भिंत धरून खाली आले आणि माझ्याशेजारी बसून मातीत हात फिरवायला लागले. दुसरा तुकडा त्यांनाच मिळाला.

माती नरसिंहपूरचीच हवी होती. मी एकटी गेले. भीमा आणि नीरा मिळतात तिथं पाण्याच्या कडेला ओला गाळ असतो, तो एका डबीत भरला. समोर दोन नद्यांचं पाणी शांत मिसळत होतं. ह्याच काठावर मी ह्यांना पहिल्यांदा बघितलेलं, धुणं धुता धुता, मशीनवर बसलेला एक काळासावळा पोरगा. देवळात गेले. लहानपणापासून त्या नरसिंहापुढं काही ना काही मागितलेलं. त्या दिवशी हात जोडलेच गेले नाहीत. मी उभ्या उभ्या देवाला बोलले. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुजाऱ्यांनी मान वर करून बघितलं म्हणून थांबले आणि डबी पदरात धरून परत आले.

परत आले तोवर उजव्या डोळ्यात पुन्हा रक्त उतरलं होतं. आता नुसता उजेड कळत होता, खिडकी कुठं आणि भिंत कुठं एवढा.

मशीन उभं राहिलं होतं. रंग राहिला होता.

"कसा हुता तो पिवळा?" मी विचारलं.

"कोरा पिवळा न्हाय. हापूस पिकल्यावर देठापाशी साल कशी असती, तसा. जरा लालीवर. पन लाल न्हाय." त्यांनी किती तरी वेळ सांगायचा प्रयत्न केला. डोळे मिटून सांगत होते, त्यांना दिसत होता. मला दिसत नव्हता.

मी पिवळ्यात लाल थेंब टाकला, मग पांढरा, मग पुन्हा पिवळा. बशा भरल्या. प्रत्येक बशी खिडकीशी नेऊन मी बघायची, आणि बरोबर की चूक हे सांगू शकणारा एकच माणूस माझ्यामागं खुर्चीत बसून वाट बघत असायचा.

"जमला का गं?"

चौथ्या दिवशी मी म्हणाले, "जमला."

"खरंच?"

"अगदी तुमी सांगितला तसा."

मी दमले होते, दुसरं कारण नाही. रंग दिला, वर गाळ लावला आणि मशीन त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी बोटांनी केबिनचं दार उघडलं, पट्टे फिरवले, बूमच्या जोडावर अंगठा फिरवला. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. "आलं," म्हणाले. "माजं मशीन घरी आलं."

त्यानंतर आठवड्यानं इंदापूरहून भाजीच्या टेम्पोतून एक पुडी आली. हुसेनभाईंनी पाठवलेली. आत तळहाताएवढा पत्रा. सीटच्या खालचा भाग, जिथं पुढचे रंग पोचलेच नव्हते. त्याच्यावर तो मूळचा पिवळा होता, दाट, तांबूस, जुना. मी आमचं मशीन शेजारी धरलं. माझा रंग लिंबासारखा फिका, जत्रेतल्या खेळण्याचा दिसत होता.

सगळं खरवडून पुन्हा रंगवायला चार-सहा दिवस लागले असते. पण त्यासाठी मला सांगावं लागलं असतं की मी खोटं बोलले. मी पत्रा अंगणामागच्या भंगारात टाकून दिला.

हंगाम संपला, कारखान्याचा भोंगा बंद झाला. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं सांगितलं. आत साठलेलं रक्त काढायचं. "काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण करून बघू." पट्टी काढली तेव्हा त्यांना धुकं दिसलं. दुसऱ्या दिवशी घरी माझी बोटं मोजता आली. तिसऱ्या दिवशी मी चहा द्यायला वाकले तर म्हणाले, "साडीचा काठ हिरवा हाय."

माझ्या हातातला कप खाली सांडला. मी रडत होते, हसत होते.

"माजं तोंड दिसतंय का?"

"न्हाय, अजून धुक्यात हाय. काठ जवळ आला म्हनून दिसला. हळूहळू दिसंल की." आणि लगेच, "मशीन आण."

मी मशीन आणलं, पण आधी खिडकीचा पडदा ओढला. "डॉक्टरांनी उजेड नको म्हणलंय," मी सांगितलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मग पडद्याच्या फटीतून येणारा उजेडही नको म्हणून मी खिडकीकडं पाठ करून त्यांच्यासमोर बसले आणि मशीन माझ्या सावलीत धरलं. त्यांनी डोळा अगदी जवळ आणला. मध्येच मान वर करायचे, परत खाली बघायचे.

"हाच रंग," ते म्हणाले.

चार दिवस असंच चाललं. मशीन मागायचे, मी पडदा ओढायची, पाठ करून बसायची. बराच वेळ ते मशीन मांडीवर घेऊन समोर बघत बसायचे. दिवसेंदिवस जास्त दिसतंय म्हणायचे.

पाचव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "पडदा उघड की आता."

पडदा उघडाच होता.

ते रक्त पुन्हा उतरलं आणि पुढं काही करता आलं नाही. बारामती झाली, पुणं झालं. सगळ्यांनी तेच सांगितलं.

आता आमच्याकडं लोक मोडकी यंत्रं दुरुस्तीला पाठवतात. हे बोटांनी चाचपून मोड सांगतात, मी जोडते. कपाटाला मी कुलूप लावत नाही, ते मनात येईल तेव्हा उठून एखादं मशीन काढून घेतात. बाहेरचे लोक म्हणतात, दोघांनी मिळून छान नाद धरलाय. त्यांना काय सांगायचं! सकाळी उठल्यावर पहिला एक क्षण हे अजून डोळे चोळतात. मी तेवढा वेळ दुसरीकडं बघते.

परवा कोल्हापूरच्या त्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. ह्यांच्या जुन्या मशीनचा फोटो त्यानं बघितला होता. "वहिनी, तो पिवळा कसा मिसळला? फार गोड रंग आलाय," तो म्हणाला. फोनचा आवाज मोठा होता आणि हे शेजारीच बसले होते. मी काहीतरी सांगून फोन ठेवला आणि मग मला ते खोटं पुढं ओढवेना. मी सगळं सांगून टाकलं. बशा, हुसेनभाईंचा पत्रा, सगळं.

हे शांतपणे हातातल्या रोलरचं चाक फिरवत राहिले.

"मला पयल्याच दिशी दिसलं हुतं," ते म्हणाले. "ह्यो आपला पिवळा न्हाय म्हनून."

"मग हाच रंग असं का म्हणला?"

"तू येवढं केलंस, तुला काय रंगावरनं बोलायचं?"

"आन् चार दिस रोज मशीन मागत हुता ते? चुकलेला रंग बघायला?"

"मशीन कोन बघत हुतं?" ते म्हणाले. "मशीन मागितलं की तू समोर येऊन बसायचीस. एरवी तुझा पाय कुठं ठरतोय एका जागी? रोज जरा जास्त दिसत हुतं. म्हनलं, आज न्हाय तर उद्या तुजं तोंड नीट दिसंल."

त्यांनी रोलर खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या मागितला. मी उठून दिला.

त्या चारही दिवशी खिडकी माझ्या पाठीमागं होती आणि तोंड सावलीत. माझं तोंड त्यांना दिसलं का, एवढं मी अजून विचारलेलं नाही.